छापायला हरकत नाही

पुतणी : म्हणजे त्या पत्राला तुम्ही उत्तरच दिलं नाहीत?

काका : हळू बोल गं. लोक चित्रं बघतायत.

पुतणी : हेच ना ते पाणमांजर? याचाच ठसा पाठवला होता चित्रकार बाईंनी?

काका : हेच. लाकडी ठोकळ्यावर कोरतात, शाई लावतात आणि पहिला ठसा मला पाठवतात. मी चुका कळवायच्या. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली आणि सुट्ट्या नदीकाठी घालवल्या, म्हणून विचारतात बिचाऱ्या.

पुतणी : आणि तुम्ही कळवताही! घुबडाच्या वेळी पानभर कळवल्या होत्या.

काका : त्याच्या पायांवर पिसंच नव्हती. कसं चालेल?

पुतणी : मग या वेळी घोडं कुठे अडलं?

काका : एकही चूक सापडली नाही.

पुतणी : अहो, मग तेच लिहायचं ना!

काका : ते कसं लिहितात? स्तुती लिहायला घेतली की प्रत्येक वाक्य सत्काराच्या भाषणासारखं दिसायला लागतं. लिहिलं, फाडलं. मग उशीर झाला. उशिराची लाज वाटली, त्यात आणखी उशीर.

पुतणी : धन्य आहे तुमची!

काका : पण तू बघ तरी. मानेवरची लव बघ, पाण्याने तिच्या कशा बटा झाल्यात. मिशीच्या टोकाला थेंब आहे, तेवढीच ती वाकलीय. आपल्याकडे बघतंय, पण पळायचं की थांबायचं, अजून ठरलेलं नाही त्याचं.

पुतणी : आत्ता बरे शब्द फुटले!

(जनावरांच्या दवाखान्याची डॉक्टर जवळ येते.)

डॉक्टर : आवडलं ना? डोळे भरून बघून घ्या. आमच्या दवाखान्यासाठी दिलंय बाईंनी. रविवारी लिलाव झाला की जाईल कुणाच्या तरी दिवाणखान्यात.

काका : पण... बाकीच्या प्रती असतील ना?

डॉक्टर : नाहीत. तपासायला पाठवलेला ठसा सोडला तर, आम्हाला कबूल केलेली ही एकच. लिलाव झाला की ठोकळ्यावर रंधा फिरवणार आहेत.

काका : रंधा? का?

डॉक्टर : त्यांचे कुणी एक जाणकार आहेत म्हणे. बारीकसारीक चूकही सोडत नाहीत. त्यांनी या वेळी अक्षरही कळवलं नाही. बाई म्हणाल्या, ‘इतकं बिघडलं असणार की सुरुवात कुठून करावी हे त्यांनाही कळलं नाही.’ मी सांगून थकले, की अहो, सुंदर झालंय. पण माझं कोण ऐकतं! मी पडले गुरांची डॉक्टर.

पुतणी : काका, खाली काय बघताय? सांगा ना.

डॉक्टर : काय सांगायचंय?

पुतणी : ते जाणकार तुमच्यासमोर उभे आहेत. दाराआड लपायच्या आत धरा त्यांना.

डॉक्टर : तुम्ही? अहो, मग खरंच बिघडलंय का हे?

काका : नाही हो! निर्दोष आहे. म्हणून तर... मला सुचेना.

पुतणी : चला, फोन लावू या.

डॉक्टर : नदीकाठच्या झोपडीत आहेत त्या, तिथे फोन लागत नाही. टपाल मात्र जातं. आज टाकलंत तर रविवारच्या आत पोचेल.

काका : पण एकच प्रत म्हणून बोली चढली असती. तुमच्या दवाखान्याचं नुकसान...

डॉक्टर : दवाखान्याचं मी बघते. आणखी प्रती निघतील, हेही लोकांना आधीच सांगते. तुम्ही आधी लिहा. हा घ्या कागद.

काका : इथे? उभ्या उभ्या?

पुतणी : घरी नेलंत तर पुन्हा फाडाल. बोलत बोलत लिहा, मी बघत्येय.

काका : ‘पाणमांजर मिळालं. चुका शोधल्या. सापडल्या नाहीत.’

पुतणी : एवढंच? ही काय पोच आहे?

काका : थांब गं. ‘मागचा पाय जिथे असायला हवा तिथे तुम्ही नुसता कोरा कागद सोडलात, आणि मला पाणी दिसलं. इतकी वर्षं त्या नदीकाठी बसलो, ती कागदावर येईल असं वाटलं नव्हतं. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला, चित्रामुळे नाही. ठोकळ्याला हात लावू नका. छापायला हरकत नाही.’

डॉक्टर : वा!

काका : ‘भित्रेपणामुळे’ जरा जास्त होतंय का? खोडू?

डॉक्टर : पेन द्या इकडे.

पुतणी : चला, पेटी कोपऱ्यावरच आहे.

काका : पत्ता एकदा वाचून घेतो.

पुतणी : चालता चालता वाचा. हं, आली पेटी. टाका.

काका : टाकतो गं.

पुतणी : मग हात का अजून आत?

काका : सोडलं. आता परत काढता नाही ना यायचं?

पुतणी : नाही.

काका : बरं झालं.