‘कारभारी पाच’ची ओळवाली

(ठमीची खोली. दोघी नुकत्याच शाळेतून आल्यात. दप्तरं जमिनीवर, बूटसुद्धा काढलेले नाहीत.)

ढापणी: बघ ना नीट! आपल्याच पोस्टखाली, आपल्याच पेजच्या नावानं आलीय ही कॉमेंट. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे पेज हॅक झालंय, ठमे! दुसरं काय?

ठमी: दाखव. कुठंय? ...अगं बाई!

ढापणी: येताना बसमध्ये पाहिली मी. तू पुढं बसली होतीस, मी मागं. आपलं दोन वर्षं घासलेलं ‘कारभारी पाच’चं पेज, क्लिप तुझ्या, खालच्या मराठी ओळी माझ्या, नऊ हजार माणसं, आणि आत कुणीतरी पाय पसरून बसलंय!

ठमी: आण इकडे फोन. आधी उडवून टाकू ती. संपला विषय.

ढापणी: उडवायची नाही! पुरावा आहे तो. थांब, वाचते. ‘ओळी दिवसेंदिवस फालतू होत चालल्यात. क्लिप कापणारी आहे म्हणून पेज टिकलंय, नाहीतर केव्हाच बुडालं असतं.’

ठमी: मोठ्यानं कशाला वाचतेस? मला येतं वाचता.

ढापणी: रडले मी बसमध्ये. शेजारच्या आजींनी रुमाल दिला. त्यांना वाटलं नापास झाले.

ठमी: खरंच रडलीस?

ढापणी: मग काय नाचू?

आई: कोण रडतंय गं? अय्या, ढापणी आलीय होय! बरी सापडलीस, तुलाच शोधत होते. आल्या आल्या खोलीत काय घुसता, हात-पाय तरी धुवा.

ढापणी: काकू, आज लवकर सुटलात दवाखान्यातून?

आई: सकाळपाळी होती. अगं, ते तुझं ‘मी बुडालो नाही, मला भिजत घातलंय’! आमच्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर दोन दिवस तेवढंच म्हणतायत. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, एवढं काम साचलंच कसं? तर आमच्या मेट्रन म्हणतात, साचलं नाही हो, भिजत घातलंय! डॉक्टरसुद्धा हसले. ते कधी हसत नाहीत.

ढापणी: काकू, ती क्लिप ठमीनं कापली होती.

आई: हो, ती बसते खरी तासन्‌तास मान मोडून. डोळे जातील म्हणते मी. पण ओळ काय गं ती! पाच धडधाकट कोरियन बाप्ये, दर रविवारी कुणाच्या तरी कामाला जातात आणि वाट लावून येतात, एवढाच तो कार्यक्रम. मी म्हणायचे, यात काय बघायचंय? तुझ्या ओळी वाचल्या आणि कळलं. तो चादरींच्या टबात पडलेला रडका मला आता भाच्यासारखा वाटतो.

ठमी: झालं तुझं, आई?

आई: झालं बाई. तुम्हाला खायला काहीतरी बघते. हिला काय झालंय गं आज? फुगलीय नुसती.

ठमी: काही नाही झालं. दार लावून घे जाताना.

ढापणी: काकूंशी असं का बोललीस?

ठमी: पासवर्ड बदलू या आपण. आत्ताच्या आत्ता. हॅकर बाहेर, प्रश्न मिटला.

ढापणी: थांब, खालच्या कॉमेंट तर बघ. सहाशेबारा जणांनी हसून दाखवलंय. काय लिहिलंय माहितीये? ‘ओळवालीनं स्वतःलाच टोमणा मारला, काय भन्नाट आहे ही!’ ‘स्वतःवर हसायला मोठं मन लागतं.’ एक जण म्हणतोय, ही आजवरची सगळ्यात भारी ओळ.

ठमी: काय? ही पण?

ढापणी: ही पण म्हणजे?

ठमी: म्हणजे... त्या हॅकरनं बिचाऱ्यानं एवढं लिहिलं आणि तेही तुझ्याच नावावर गेलं!

ढापणी: बिचाऱ्यानं?

ठमी: बोलण्याची पद्धत असते गं एक.

ढापणी: ठमे, त्यानं ‘क्लिप कापणारी’ असं का लिहिलं असेल?

ठमी: कापते मी क्लिप. काय चुकलं त्याचं?

ढापणी: पण बाहेर कुणाला माहितीये? आपण सगळीकडे ‘आम्ही’ लिहितो. तूच केलास तो नियम, पहिल्याच दिवशी. लोकांना वाटतं एकच मुलगी आहे, तीच कापते आणि तीच लिहिते. आपण दोघी आहोत हे कुणाला ठाऊक आहे?

ठमी: आईला आहे.

ढापणी: काकूंनी पेज हॅक केलं?

ठमी: तिला साधा गजर लावता येत नाही.

ढापणी: मग?

ठमी: मग काय, असेल कुणीतरी. जग मोठं आहे.

ढापणी: तो ‘खरा चाहता’ आहे ना, महिनाभर माझ्या ओळींना नावं ठेवणारा? तोही ‘फालतू’च म्हणतो. त्याच्या फोटोत मांजर आहे. एक कान फाटलेलं.

ठमी: हजार मांजरांचे कान फाटलेले असतात.

ढापणी: तुझ्या मावशीच्या मांजराचा फाटलाय. उजवा. मी त्याला मांडीवर घेतलंय, ठमे.

ठमी: दार नीट लागलंय ना?

ढापणी: बोल ना.

ठमी: शाळेची गडबड होती. एका हातानं वेणी घालत होते. अकाउंट बदलायचं राहिलं. मला वाटलं मांजराच्या नावानं जातंय.

ढापणी: म्हणजे खरा चाहता तू.

ठमी: हो.

ढापणी: महिनाभर.

ठमी: पाच आठवडे.

ढापणी: त्यानं लिहिलं, ओळी लांबतात, वाचेपर्यंत माणूस पडून उठतो. मी त्याला धन्यवाद म्हटलं होतं! रात्र रात्र बसून निम्मे शब्द काढून टाकले मी.

ठमी: माहितीये. आणि निम्मे शब्द गेल्यावर ओळी आणखीनच भारी झाल्या! काय कप्पाळ करू? मी पाडायला जावं आणि तू उंच उडावंस. इतकी जळले मी त्या दिवशी, वरणाला फोडणी नको, मलाच घाला म्हणावं!

ढापणी: हसवू नकोस. मला हसायचं नाहीये.

ठमी: नाही हसवत. पण तूच सांग ना. ते पाचजण बस धुतात त्या भागावर चार तास बसले होते मी. त्यांच्यातले मोठेसाहेब शिडीवरून घसरतात तो क्षण एकवीस वेळा कापला. थोडं आधी कापलं तर हसू येत नाही, थोडं नंतर कापलं तर दया येते. ते कुणाला दिसलं? कुणालाच नाही! तू खाली लिहिलंस, ‘धुतली कुठं, बसला नुसतं घाबरवलंय.’ सहा मिनिटांत लिहिलंस. आणि सगळे, ओळवाली, ओळवाली, ओळवाली!

ढापणी: मला सांगायचंस.

ठमी: काय सांगू? की तू कमी चांगलं लिही?

ढापणी: की आपण नावं घालू या. क्लिप हिची, ओळी हिच्या. मी एका पायावर तयार झाले असते.

ठमी: मग तर सगळ्यांना कळलंच असतं ना, कुठलं काम कुणाचं! आत्ता निदान ‘आम्ही’मध्ये थोडी मी होते. लोक भारी म्हणायचे तेव्हा निम्मं मी घ्यायचे गुपचूप. आणि आता आईसुद्धा. माझी आई, ढापणे! चौथीत मी धावण्यात पहिली आले तेव्हा ती म्हणाली होती, घाम पूस. तुझी एक ओळ अख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवते.

ढापणी: म्हणून मी फालतू?

ठमी: एकही फालतू नव्हती. सगळ्या पाठ आहेत मला.

ढापणी: हे पाच आठवड्यांत एकदा लिहिलं असतंस तर? मांजराच्या नावानं का होईना.

ठमी: आता लिहू? पेजवर लिहिते, जाहीर. कॉमेंट माझी होती, अक्कल गहाण ठेवली होती, असं. कान धरून व्हिडिओसुद्धा करते.

ढापणी: नको. लोक म्हणतील, काय भन्नाट विनोद.

ठमी: तुझ्याच नावावर जाईल तोही.

ढापणी: ठमे, एक सांगायचंय. त्या मोठ्या पेजवाल्यांनी मला विचारलंय. दोन लाख माणसं असलेल्या. त्यांच्याकडे ओळी लिहिशील का म्हणून.

ठमी: कधी विचारलं?

ढापणी: तीन आठवडे झाले.

ठमी: तीन आठवडे! आणि मला आत्ता सांगतेस?

ढापणी: नाही म्हणणार होते. आज संध्याकाळी. उत्तर टाईप करून ठेवलंय, बघ. ‘मी माझ्या मैत्रिणीबरोबर पेज चालवते, त्यामुळे जमणार नाही.’

ठमी: मग पाठव ना. ढापणे, पाठव ते. नावं घालू आपण. तुझं वर घालू, मोठ्या अक्षरांत. मांजर आत्ता उडवते, तुझ्यासमोर. हे बघ, उडवलं. गेलं.

ढापणी: मी पुसतेय हे.

ठमी: अगं, थांब ना!

ढापणी: दुसरं लिहिलं. ‘या रविवारपासून चालेल.’ पाठवलं.

ठमी: आणि आपलं पेज?

ढापणी: तुझ्या क्लिप आहेत की. त्या खरंच चांगल्या असतात. मोठेसाहेब घसरतात तिथं मला दर वेळी हसू येतं, आणि का येतं ते मला ठाऊक होतं. मला दिसत होतं. मी काकूंना मागंही सांगितलं, मघाशीही सांगितलं, तू ऐकलं नाहीस.

ठमी: ऐकलं होतं. त्याचाही राग आला होता.

आई: पोरींनो, खायला या! आणि ढापणी, या रविवारचं काय गं? कुठं जाणारेत तुझे ते पाच?

ढापणी: न्हाव्याच्या दुकानात, काकू! पण मला निघायला हवं. पुन्हा कधीतरी खाईन.

ठमी: बस ना. पाच मिनिटं.

ढापणी: नको. दप्तर दे माझं.

ठमी: उद्या शाळेत...

ढापणी: शाळेत येईन की. शाळा थोडीच सोडलीय.

ठमी: ऐक. तिकडे ओळी लिहिशील तेव्हा... आतापर्यंत प्रत्येक ओळ तू आधी मला वाचून दाखवायचीस. फोन करून. तशी दाखवशील?

ढापणी: रविवारी टाकतील ते. तेव्हा वाच.

ठमी: सगळ्यांबरोबर?

ढापणी: हो. सगळ्यांबरोबर.