डोराचं कापलेलं वाक्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे प्रमुख माननीय क्लाइव्ह डेव्हनपोर्ट, सत्कारमूर्ती आणि 'लाटण्याच्या धाकात' या मालिकेचे लेखक माननीय ऑब्री पेलहॅम, सौभाग्यवती पेलहॅम, व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, आणि समोर बसलेले माझे सहकारी व लंडनमधले रसिकजन, सर्वांना माझा नमस्कार.

मी थेल्मा हॅलिवेल. चेहरा ओळखीचा वाटत नसेल तर केसांना रोलर लावलेली, ॲप्रन बांधलेली, दारामागे लाटणं उगारून उभी असलेली डोरा डोळ्यांसमोर आणा. ती मी. नवरा सिरिल दारूच्या गुत्त्यातून घरी आला की त्याच्या टाळक्यात लाटणं घालायचं, या एका कामावर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. आज रोलर नाहीत, म्हणून दारावरच्या मुलीने मला दोनदा विचारलं, "आपण कुणाबरोबर आलात?"

क्लाइव्हसाहेबांनी मागच्या आठवड्यात फोन केला. म्हणाले, "थेल्मा, ऑब्री निवृत्त होतोय, तू दोन गोड शब्द बोल. डोराच्या ढंगात बोललीस तर बहारच येईल!" मी म्हटलं, बोलते. ढंग कोणाचा ते माझं मी बघेन.

आधी आजच्या व्यवस्थेचं कौतुक करायला हवं. प्रत्येक टेबलावर एक चपटी टोपी आणि एक इवलंसं लाटणं ठेवलंय. का, तर सत्कारमूर्तींनी उत्तरेकडच्या लोकांना टीव्हीवर अजरामर केलं. जेवणही तिकडचंच आहे. वाटाण्याचं गरगट चिनी मातीच्या चमच्यात, वर पुदिन्याचं एक पान. उत्तरेत आमच्या ऑल्डममध्ये असा चमचा कुणापुढे ठेवला, तर तो विचारेल, "घरात कुणी आजारी आहे का?"

असो. सत्कारमूर्तींच्या अभ्यासाबद्दल बोलते. उत्तरेकडच्या माणसांवर इतकं लिहिणारा लेखक तिकडे किती राहिला असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अगं, दर वर्षी जातो की! स्कॉटलंडला मासे धरायला जातो ना, गाडी तिथूनच जाते." मी म्हटलं, "मग खिडकीतून काय काय दिसतं?" तर म्हणाले, "छे, मी झोपतो तेव्हा."

त्या झोपेतून काय काय निघालं बघा. उत्तरेकडची बाई निघाली, ती भांडकुदळ. वेल्समधला शेजारी निघाला, तो चिक्कू, आणि पाकीट काढायची वेळ आली की गाणं म्हणणारा. बर्मिंगहॅमची सून निघाली, ती मठ्ठ. सगळ्या देशात शहाणा माणूस एकच, तो लंडनहून अधूनमधून येणारा विम्याचा एजंट. हा केवळ योगायोग समजावा. आणि मला, ऑल्डममध्ये जन्मलेल्या बाईला, ऑल्डमची बोली शिकवायला एक मास्तर ठेवला होता, तो कुठला? तर लंडनला खेटून असलेल्या सरेचा! तो मला म्हणायचा, "तुमचं बरोबर नाही येत, मालिकेत बघा कसं बोलतात."

हसताय, बरं वाटलं. हसण्याबद्दलच बोलायचंय मला.

इथे बरेच जण या धंद्यातले आहेत, पण पाहुण्यांसाठी सांगते. आमचं रेकॉर्डिंग प्रेक्षकांसमोर व्हायचं. माणसं बसून खरोखर हसायची आणि ते हसू वेगळं टिपून ठेवायचे. आणि ऑब्रीसाहेबांचा एक नियम होता, तो कुणी मोडायचा नाही. प्रसंगातलं शेवटचं वाक्य सिरिलचं. डोराने आरडाओरडा करायचा, सिरिलने शेवटी एक वाक्य टाकायचं, मग कॅमेरा माझ्या तोंडावर, आणि तोंड उघडं. त्या उघड्या तोंडासाठी मला एकदा बक्षीसही मिळालंय.

आता तुमचा आवडता प्रसंग. दर नाताळात दाखवतात तो. आज जेवणानंतर त्या मोठ्या पडद्यावरही दाखवणार आहेत. सिरिल उशिरा घरी येतो. डोरा ओरडते, "तुझं जेवण कुत्र्याला घातलं!" सिरिल म्हणतो, "बिचारं कुत्रं!" आणि हशा. असा हशा या मालिकेत पुन्हा झाला नाही, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. खरंच आहे. तसा हशा पुन्हा झाला नाही.

त्या दिवशी माझी आई प्रेक्षकांत होती. एथेल हॅलिवेल. ऑल्डमहून पहाटेची बस पकडून आली होती, सोबत गल्लीतल्या चार बायका, डब्यात सँडविच, अंगात नाताळचा कोट. सिरिलचं काम करणारा लेनर्ड 'बिचारं कुत्रं' म्हणाला. लोक हसले, बऱ्यापैकी हसले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, आईकडे लक्ष गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "ते वेळेवर घरी आलं होतं!"

हां! आत्ता या सभागृहात जे झालं ना, त्याच्या चौपट तिथे झालं. माणसं खुर्च्यांवरून घसरली. आणि त्या सगळ्यांच्या वर माझी आई. तिचं हसणं साधं नव्हतं. आधी तोंड उघडायचं आणि आवाजच नाही, पाहणाऱ्याला वाटावं बाईला ठसका लागला. मग असा काही श्वास आत ओढायची की खिडक्या वाजाव्यात. लेनर्डलाही हसू आवरेना. तो समोरच बसलाय, विचारा त्याला.

रेकॉर्डिंग संपल्यावर ऑब्रीसाहेबांनी मला बाजूला घेतलं. फार गोड बोलतात ते, तुम्हाला माहीत आहेच. म्हणाले, "छान होतं, थेल्मा. पण डोरा विनोद करत नाही. डोरावर विनोद होतात." मी म्हटलं, "लोक हसले ना पण?" तर म्हणाले, "लोक काय, हसतात. पण तिकडची बाई इतकी हजरजबाबी दाखवली, तर खोटं नाही का वाटणार?"

बायका मूर्ख नसतात हे कळायला लग्न पुरतं, आणि ऑल्डम मूर्ख नाही हे कळायला गाडीतून उतरणं. सौभाग्यवती पेलहॅम इथे बसल्यात म्हणून पहिल्या गोष्टीवर मी जास्त बोलत नाही.

माझं वाक्य कापलं. कापू देत, लेखकाचा हक्क आहे. पण हसू ठेवलं! माझ्या वाक्याचं हसू उचललं आणि 'बिचारं कुत्रं' याच्या खाली नेऊन चिकटवलं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून वर ढेकर द्यावी, तसं.

भाग लागला त्या रात्री आईने अर्धी गल्ली घरात बोलावली होती. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "बघा आता माझी पोर काय बोलते ते!" प्रसंग आला. लेनर्ड बोलला, आणि टीव्हीतून माझी आई खदखदून हसली. माझ्या उघड्या तोंडावर. शेजारची मॉली म्हणाली, "एथेल, लेकीची फजिती झालेली बघून केवढी हसलीस गं तू!" आई म्हणाली, "मी त्या मेल्याला हसले नव्हते. माझी पोर बोलली, तिला हसले." मॉली म्हणाली, "अगं, ऐकलं की आम्ही आत्ता."

पुन्हा ती रेकॉर्डिंगला आली नाही. मी आग्रह केला तर म्हणायची, "नको गं, परत हसले तर कुठे लावतील काय माहीत." शेवटची वर्षं ती वृद्धाश्रमात होती. नाताळात तो भाग लागायचाच, आणि सगळ्या म्हाताऱ्या तिच्याकडे वळून बघायच्या. ती नर्सला सांगायची, "मी त्याला नव्हते हसले." नर्स म्हणायची, "हो हो, आजी." मागच्या हिवाळ्यात आई गेली. कुणालाही पटवता न येता गेली. माझी आई विनोद कळणारी बाई होती हो, आणि अख्ख्या देशाने तिला स्वतःच्या लेकीला हसणारी बाई म्हणून ऐकलं. याचा मला राग आहे, आणि तो मी आज इथे गोड शब्दांत गुंडाळणार नाही.

तर मी मुद्द्यावर येते. मूळ रेकॉर्डिंग कंपनीत जपलेलं आहे, क्लाइव्हसाहेबांनीच मला सांगितलं. ते वाक्य परत जोडणं एका दुपारचं काम आहे. पण करारात लिहिलंय की लेखकाच्या संमतीशिवाय एक शब्दही हलवता येणार नाही. म्हणून ऑब्रीसाहेब, तुम्ही निवृत्त होताय, सगळे तुम्हाला काही ना काही देतायत, मी तुमच्याकडे मागते. माझं वाक्य परत जोडा. यंदाच्या नाताळात माझी आई ज्याला हसली होती, त्यालाच हसू दे. एवढ्या लोकांसमोर नुसतं हो म्हणा.

...

साहेब अध्यक्षांच्या कानाशी लागलेत. घ्या, सावकाश विचार करा.

बरं. आता मंडळी, एक गोष्ट सांगायची राहिली. माझी आई कापडगिरणीत मागावर होती. तिथे मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आमच्याकडच्या गिरणीतल्या बायका ओठांवरून बोलणं वाचतात. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला सगळ्या गल्लीच्या भानगडी, एक आवाज न करता. घरी आल्यावरही आई तशीच बोलायची, त्यामुळे आम्ही पोरं चालायच्या आधी ओठ वाचायला शिकलो. तिकडच्या कुठल्याही पोराने हे साहेबांना सांगितलं असतं, गाडीतून उतरले असते तर.

साहेब आत्ता अध्यक्षांना म्हणाले, "कुणाची आई नि कुणाचं काय! तिकडच्या सगळ्याच बायका अशा हसतात." आणि अध्यक्ष म्हणाले, "तू हसऱ्या चेहऱ्याने मान हलव, नंतर बघू."

हलवू नका मान, ऑब्रीसाहेब. मानेला त्रास होईल. आणि सौभाग्यवती पेलहॅम, तुम्ही जे पुटपुटलात, तेही मला दिसलं. मनापासून आभारी आहे. ते मी इथे सांगत नाही, तुम्हाला त्यांच्याबरोबर घरी जायचंय.

उद्या संध्याकाळी मालिकेच्या निरोपाच्या भागाचं रेकॉर्डिंग आहे. तिकिटं संपलीत म्हणे. सिरिल घरी येणार, डोरा ओरडणार, सिरिल शेवटचं वाक्य टाकणार. मी येणार नाही. नाही, क्लाइव्हसाहेब, हा डोराचा ढंग नाही, हा माझा आहे. उद्या सकाळच्या गाडीने मी ऑल्डमला जातेय. लेनर्ड, तू उठू नकोस. माझं वाक्य कापलं तेव्हाही नव्हतास उठला, आणि तुझं जेवण व्हायचंय अजून.

उद्या काय करायचं, असा प्रश्न आता लेखकाला पडेल. त्यात अवघड काही नाही. तिकडच्या सगळ्याच बायका सारख्या असतात ना? मग एक आणा, हातात लाटणं द्या, आणि करा उभी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी बोलायला उभं केलं, याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर तेवढ्यापुरती माफी असावी. जास्त झालेलं मात्र एकही अक्षर मी मागे घेत नाही, आणि या खेपेला ते कापायला तुमच्याकडे कात्री नाही.

नमस्कार.