कॅनडातला बर्फ आणि आमचा गीझर

तुम्हाला सांगतो, कर्वेनगरात बसून मी एकदा कॅनडातला बर्फ वितळवायला निघालो होतो.

गेल्या हिवाळ्यात आमची ही मुलाकडे गेली आणि त्याच्या दारातच बर्फावरून घसरली. मनगट मोडलं. परत आल्यापासून एकच पालुपद, "त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

मुलाने ते मनाला लावून घेतलं. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबा, दारापुढची फरशी खालून तापवून घेतो, म्हणजे बर्फ साचणारच नाही. गरम पाण्याचे पाइप टाकू की विजेच्या वायरी?"

मला त्यातलं काय कळतंय! पण त्याच वेळी आमच्या बंद गीझरपाशी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांवर खापर फोडत उभे होते. म्हटलं, यांनाच विचारू.

प्लंबर म्हणाला, "विजेचं घ्या काका. पाइप गळला तर अख्खी फरशी फोडावी लागेल."

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आणि वायर तुटली तर काय फरशी आपोआप उघडते? शिवाय बिल बघून पोरगा रडेल. पाण्याचंच घ्या."

इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच खरं बोलले आणि तेही माझ्या काही उपयोगाचं नव्हतं.

"मग नक्की काय बसवू?" मुलगा विचारतोय.

इतका वेळ ही चहा गाळत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"काही बसवू नकोस. मे महिन्याचं तिकीट काढ. तोवर तुमचा बर्फ आपला आपण जातो ना?"