हलू नका, आरसा पडलाय!

...आणि वर मलाच म्हणतात, "हलू नकोस!" अहो, माझं घर, माझी फरशी, माझ्या हातात गरम भाजीचं पातेलं, आणि मी हलायचं नाही! का? तर आरसा पडला. भिंतीवरचा नव्हे हो, गाडीचा! आणि गाडी म्हणजे दारातली नव्हे, टेबलावरची. वीतभर, प्लॅस्टिकची. तिच्या दाराला लावायचा तिळाएवढा आरसा ह्यांच्या चिमट्यातून टुण्णकन उडाला, आणि आमचे हे गुडघ्यांवर, हातात बॅटरी, गाल फरशीला टेकलेला... "हलू नका कुणी!" कुणी म्हणजे कोण? घरात आम्ही दोघंच!

तुम्हाला सांगते, मी दातांची डॉक्टर. घराच्याच पुढच्या खोलीत दवाखाना. दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात पण बोलत एक नाही, त्यामुळे दोघांच्या वाटचं मीच बोलते. सवय लागलीय, तेव्हा आता तुम्हीही जरा ऐकून घ्या.

हे निवृत्त झाले. बत्तीस वर्षं कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले, शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या मंडळींनी एक खोका भेट दिला. मला वाटलं घड्याळ असेल. खोक्यावर झोकदार गाडीचं चित्र, आणि आत... आत गाडी नाहीच! आत प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि चौकटींना झाडाला फळं लागावीत तसे लोंबणारे तुकडे. एकशे बारा! मी म्हटलं, "अहो, मोडकी दिली की तुम्हाला!" तर असे बघायला लागले माझ्याकडे, जणू मी अडाणी. म्हणाले, "मोडकी नाही गं. अजून व्हायचीय."

झालं! तुकडा कापायचा, पॉलिश पेपरने घासायचा, रंगवायचा, वाळवायचा, परत घासायचा... अहो, मग रंगवला कशाला? ज्या माणसाने सत्तावीस वर्षांच्या संसारात घराला एक खिळा ठोकला नाही – नाही, खोटं कशाला बोलू, ठोकला एकदा, तो पाण्याच्या पाइपात – तो माणूस आता श्वास रोखून गाडीच्या सीटवरची शिवण रंगवतोय! ती शिवण दिसायला भिंग लागतं. ते भिंग माझं. दात कोरायची सुई माझी, बारीक ड्रिल माझं. इकडे पेशंट आ वासून बसलाय, मी आतल्या खोलीत धावत, "अहो, माझी सुई?" की आलंच, "हलू नकोस, दार वाळतंय!" दार वाळतंय! आणि बाहेर त्या माणसाची जीभ वाळतेय ती? बरं, तिकडे गेलेलं हत्यार मी काही परत कुणाच्या तोंडात घालत नाही. म्हणजे एकदा उचललं की ते कायमचं ह्यांचं, हे ह्यांना पक्कं ठाऊक.

तर एके दिवशी काय झालं, दाताचं माप घ्यायचा मसाला गायब. चिमूटभर नाही, अख्खा डबा! मी तरातरा खोलीत, तर ह्यांनी झटकन टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वर्तमानपत्राला मध्येच उंचवटा! मी म्हटलं, "काय आहे?" हे म्हणतात, "बातम्या." उचललं मी. खाली बुटांचा जुना खोका, खोक्यात लाल गाडी. टप वेगळं झालेलं, बॉनेटला तडा, पुढची काच नाही, चार चाकांतलं एक नाही.

मी ओळखली. न ओळखून सांगते कुणाला? मीच बसले होते तिच्यावर!

अहो, सात वर्षांची होते हो मी! दादा दहाचा. माझा थोरला भाऊ. त्याने आणि आमच्या बाबांनी अख्खी सुट्टी घालवून ती गाडी जोडलेली, आणि रंग वाळायला ठेवली कुठे? खुर्चीवर! खुर्ची कशासाठी असते? मी बसले. कडकन आवाज आला, आणि दादा जो रडला... बरं, ते झालं गेलं, असं मला आपलं वाटत होतं. पंचेचाळीस वर्षांनी दादाची दाढ दुखायला लागली. मी म्हटलं, ये, बघते. आणि हा सख्ख्या बहिणीला सोडून गेला दुसऱ्या डॉक्टरकडे! का विचारलं, तर भरल्या घरात, पाहुण्यांसमोर म्हणतो, "हिच्या हाती गाडी लागली तिचं काय झालं बघितलंय मी. दात कसा देऊ?" सगळे हसले. मी नाही हसले. तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून पोट भरते मी, आणि माझाच भाऊ... त्या दिवसापासून बोलणं बंद. पाच वर्षं! फोन नाही, काही नाही.

"वहिनी आल्या होत्या," हे हळूच म्हणाले. "तू पेशंटमध्ये होतीस. त्यांनी दिला खोका. म्हणाल्या, 'भाऊजी, ह्यांना साठ पूर्ण होतायत. हा खोका कपाटात जपलाय, टाकू देत नाहीत आणि उघडूनही बघत नाहीत. तेवढी नीट करून द्या. फक्त ताईंना कळू देऊ नका.'"

मला कळू देऊ नका! मी म्हटलं, करा, काय करायचं ते करा, मला देणं ना घेणं. आणि निघाले. दारापर्यंत गेले आणि सहज वळून बघितलं... सहज हं! तर हे माझा मसाला कालवतायत. चांगल्या चाकाचा साचा घेऊन त्यावरून चौथं चाक ओतायचं होतं. पण कालवणं बघितलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. सगळे बुडबुडे! मी म्हटलं, "असं कालवतात होय? सरका!" अहो, राहवतं का? असे हजारो साचे काढलेत मी. फक्त ओतायला घरात होतं ते कवळीचं सामान, त्यामुळे चाक निघालं हिरडीच्या रंगाचं! गुलाबी! पण गोल म्हणाल तर असं गोल, की ह्यांनी भिंगातून बघितलं, खाली ठेवलं, परत बघितलं. म्हणाले, "तू हे आधी का नाही केलंस?" आधी म्हणजे कधी? लग्नात?

मग चाक काळं झालं, काच बसली, तडा बुजला. उरला रंग. जुना रंग काढायला ह्यांनी डबाभर उग्र वासाचं औषध भरलं. त्यात टप घातलं की रंग सुटून कोरं प्लॅस्टिक. हे टप चिमट्यात धरून बुडवणार, तेवढ्यात खिडकीचा उजेड त्यावर तिरपा पडला आणि मी ओरडले... हो, मी ओरडले...

"हलू नका!"

हे जागच्या जागी दगड. टपावर, त्या लाल रंगात, अंगठ्याचा ठसा होता. मोठ्या माणसाचा. मधोमध आडवी रेघ. आमचे बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचे, कागद कापायच्या यंत्रात त्यांचा अंगठा एकदा सापडला होता, तो व्रण शेवटपर्यंत गेला नाही. रंग ओला असतानाच उचललं असणार त्यांनी. धीर कुठला त्यांना! बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. आणि अंगठा इथे, ह्यांच्या चिमट्यात.

ह्यांनी चिमटा हळूच मागे घेतला. औषधाच्या डब्याला झाकण लावलं. टप तसंच ठेवलं, तडा गेलेला एक खांब तेवढा आतून सांधला, आणि खालची बाकी गाडी त्या पन्नास वर्षांच्या लालशी जुळवून रंगवायला घेतली. अकरा वेळा रंग कालवला. अकरा! प्रत्येक वेळी मला खिडकीशी नेऊन, "हा जुळतो का गं?" आणि तुम्हाला सांगते, मलाही चक्क फरक दिसायला लागला.

वाढदिवसाला मी जाणार नव्हतेच. साडी उगीच नेसले होते. हे म्हणाले, "चाक तुझं आहे, तू चल." टॅक्सीत हे मांडीवर खोका धरून टॅक्सीवाल्याला म्हणतात, "हलवू नका हं." तो म्हणाला, "साहेब, टॅक्सी आहे. हलणारच."

दादाने खोका उघडला. सगळं घर भोवती. बघतच राहिला. चाक फिरवलं, दार उघडून बघितलं, मग टपावर हात फिरवता फिरवता थांबला, आणि स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवला. बराच वेळ उचललाच नाही. मग माझ्याकडे न बघता विचारतो, "पुढचं डावं चाक कुणी केलं?"

हे म्हणाले, "हिनं."

"बरं बसलंय."

मी म्हटलं, "हं."

आणि मग, एवढा साठ वर्षांचा बाप्या, गालाला हात लावून म्हणतो, "खालची उजवी दाढ... वर्षभर ठणकतेय गं."

मी म्हटलं, "आ कर." तिथेच, पाहुण्यांसमोर, मोबाइलच्या उजेडात! आत बघते तर काय... "अरे, कुणी केलंय हे काम? ह्यापेक्षा मी बसले होते ते बरं!" दादा तोंड उघडं ठेवूनच हसायला लागला, खांदे गदागदा, डोळ्यांतून पाणी, आणि मी त्याचा जबडा धरून, "हलू नकोस! अरे, हलू नकोस!"

दुसऱ्या दिवशी आला तो. माझ्या खुर्चीत बसला आणि मुकाट दाढ माझ्या हवाली केली. छान झाली, विचारा त्याला.

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली बाई? सांगते ना! दादा दाढेपुरता आला होता, तो आता दर रविवारी येतो. सकाळी नऊला! एकाचे दोन झाले. टेबल पुरेना म्हणून दोघांनी जेवणाचं टेबल घेतलं. त्यावर सात गाड्या वाळतायत, ताट ठेवायला बोटभर जागा नाही. मग जेवायचं कुठे? दवाखान्यात! दाताच्या खुर्चीत, एकेकाने, पाळीपाळीने, गळ्यात तो कागदी रुमाल बांधून. आणि दादा वर काय म्हणतो माहितीये? म्हणतो, "आधीपासून इथेच जेवायला हवं होतं गं... चूळ भरायला उठावंसुद्धा लागत नाही!"