पाणी दाखवणारा फोन

...आन वर मलाच म्हणतो तो शिवराज, "मामा, तुमचा नारळ आता देवापुढं ठेवा!" माझा नारळ! तुम्हाला सांगतो, तुम्ही तसं बी ड्रम लावून बसलाच आहात, टँकर काय इतक्यात येत नाय, ऐकून घ्या... पंचवीस वर्षं झाली मला पाणी बघायला लागून. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, चपला काढायच्या, रानातून चालत राहायचं, आन जिथं पाणी तिथं नारळ आपोआप उभा, शेंडी वर! पार सोयगावपास्नं लोक जीप घेऊन यायचे, बिडकीनच्या स्टँडवर विचारायचे, मल्हारराव पाणाड्या कुठं राहतो म्हणून. आन आता? आता म्हणे फोन येणार! पाणी दाखवणारा फोन! जमिनीवर धरला की आतलं पाणी निळं दिसतं म्हणे, किती फुटावर ते बी आकड्यात! येऊ द्या. मी कुठं नको म्हणतो? पण आधी येऊ तर द्या!

झालं काय, आपल्या रामकिसननं त्या नव्या रस्त्याच्या कडंला प्लॉट पाडलेत ना, जिथं माझा बाप मेंढरं चारायचा, तिथं आता कमान आहे, कारंजं आहे, कारंज्यात शेळ्या बसतात! पण प्लॉट बघायला येणारा पयलं काय विचारतो? पाणी कुठंय? म्हणून रामकिसननं मला बोलावलं. बोरची गाडी येऊन उभी, तिच्यावरची तमिळ पोरं भात खाऊन तयार. मी नारळाला हळदकुंकू लावलं, सात-आठ पावलं चाललो असंल नसंल, तेवढ्यात हा शिवराज आला फटफटीवर! मोबाइलचं दुकान आहे ना त्याचं स्टँडसमोर, तोच. लांबूनच वरडत, "थांबा शेठ, थांबा! बोर पाडू नका! सोमवारी लाँच आहे!"

कशाचं लाँच? तर फोनचं! त्यानं व्हिडिओ लावला. त्यात एक पोरगी, केस मोकळे, बंगल्यापुढच्या हिरवळीवर फोन धरून उभी, आन फोनमधी निळं निळं. अहो, हिरवळीवर! हिरवळीखाली पाणी आहे हे सांगायला फोन कशाला लागतो? माझी मेंढी सांगंल! पण रामकिसन काय ऐकतो? "मल्हारराव, दम धरा जरा. सोमवारच तर आहे." आता माणूस नारळ घेऊन उन्हात उभा, पायाला चटके, आन हा म्हणतो दम धरा! बरं म्हणलं. येऊ द्या. पण आधी येऊ तर द्या!

सोमवार आला, फोन नाय आला. मंग म्हणे अक्षय तृतीयेला. अक्षय तृतीया झाली, मंग म्हणे मुंबईत अडकला. मंग म्हणे मुंबईत नाय, अजून जहाजातच आहे. जहाजाला तरी पाणी कुठून मिळालं म्हणावं! चार दिवस ती तमिळ पोरं कमानीच्या सावलीत पत्ते खेळली, पाचव्या दिवशी पाइप आवळले आन गेली लासूर स्टेशनला. आन मला बोलावणं बंद! जो भेटंल तो तेच. "मामा, थोडं थांबू, फोन येतोय." अरे, तुमचं थांबणं होतं, माझ्या चुलीचं काय?

शेवटी मीच गेलो शिवराजच्या दुकानात. म्हणलं आज ह्याचं पितळ उघडंच पाडतो. विचारलं, "का रे, कुणी पाहिला का हा फोन डोळ्यानं?"

"नाय मामा, पण विश्वास ठेवावा लागतो."

"त्याला जमिनीतलं दिसतं कसं?"

"ते सांगायचं नसतं, मामा. ज्याचं त्यालाच ठाऊक."

"आन चुकला तर?"

"चुकत नाय. पाणी नाय लागलं तर समजायचं, आपल्याच जमिनीत खोट."

तुम्हाला सांगतो, मी गारच पडलो. अहो, हे मी बोलतो! पंचवीस वर्षं रानारानात हेच बोलत आलो! असंच, शब्दाला शब्द! ह्या पठ्ठ्यानं माझा अख्खा धंदाच पाठ केला की हो!

हसू नका. हसण्यावारी न्यायचं नाय हे. तुम्हाला म्हणून सांगतो... गेल्या साली मनकर्णाबाईच्या रानात माझा नारळ उभा राहिला, आन सातशे फुटापर्यंत नुसता फुफाटा निघाला. पांढरा. अंगावर, तोंडावर, सगळीकडं. मला वाटलं, आता म्हातारी शिव्या देईल. तर पदरानं तोंड पुसलं तिनं आन म्हणली, "तुमचा काय दोष, दादा." शिव्या दिल्या असत्या तर लई बरं झालं असतं हो. तवापास्नं मला झोप लागत नाय नीट.

आन घरी आमची बानाबाई! काल घागर आपटली माझ्यापुढं. "दुनियेला पाणी दावीत फिरता, मी मातर आठ-आठ दिवस त्या टँकरची वाट बघते! आपल्या दारात दावा की!" बरोबर आहे तिचं. पण पंचवीस वर्षांत मी आपल्या दारात नारळ धरलाच नाय कधी. भ्या वाटायचं, दुसरं काय? पण काल धरला. अंगण केवढं, आठ पावलांचं. शेजारची चंपाबाई भिताडावरून बघतीय, बानाबाई घागर घेऊन उभी, जणू आत्ताच कारंजं उडणार! मी इकडून तिकडं, तिकडून इकडं... नारळ आडवा तो आडवाच. मंग मी... हे कुणाला बोलू नका बरं का... अंगठ्यानं जरासं रेटलं. एरवी तेवढ्यानं उठतो तो! काल तेवढ्यानं बी उठंना! बानाबाईनं घागर उचलली आन आत गेली.

काय करावं, सांगा ना! पाणीच खाली गेलंय तर नारळ तरी काय करील? आन फोन तरी काय निळं दाखवील? आत असंल तर दिसंल ना! पण माणसानं बसायचं कशाच्या भरवशावर? ह्या टँकरच्या? आला का बघा... नाय ना?

म्हणून आज सकाळी गेलो. शिवराजच्या दुकानात. फोनसाठी नावं लिहून घेतोय तो वहीत. पयलं नाव रामकिसनचं, ते ठीक. खाली बघतो तर मनकर्णाबाईचं बी! मी इकडंतिकडं बघितलं, म्हणलं, "लिही... बानाबाई मल्हारराव."

"मामा, तुम्ही बी?"

"बायकोसाठी रे!"

"बरं. नारळ द्या."

"नारळ कशाला?"

"नाव लिहिणाऱ्या प्रत्येकाचा एकेक नारळ घेतोय. लाँचच्या दिवशी दुकानापुढं फोडायला."

आता मी कुठून आणू नारळ? पिशवीत एकच. दोन सालं ह्या हातावर वागवलेला, हळदीकुंकवानं माखलेला. काढला, ठेवला काउंटरवर. त्यानं उचलला, आपण बाजारात बघतो तसा कानापाशी धरून हलवला. परत हलवला. दुसऱ्या कानाला लावून हलवला. आन तोंड एवढंसं करून म्हणतो, "मामा... ह्याच्यात तर पाणीच नाय."

म्हणलं, पाणी कुठं आहे, कुठं नाय, ते मला कळत असतं तर तुझ्या दारात आलो असतो का रे? तू नाव तेवढं लिही, बाबा. आन तो फोन... आधी येऊ तर दे.