उंबऱ्यावरचा स्टिरिओ

आमच्या स्टिरिओचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. हे सैन्यात, आणि बाळानं अजून बापाचा आवाज ऐकलेला नव्हता. यांनी कॅसेट पाठवली, तेव्हा मी हट्टानं सांगलीहून दोन स्पीकरांचा संच आणवला. दुकानदारानं बजावलं होतं, "दोन्हींच्या बरोबर मधे बसा."

घरात स्पीकरांची वाटणी झाली. एक सासऱ्यांनी बाहेरच्या सोप्यात ठेवला, दुसरा सासूबाईंनी स्वयंपाकघरात. कॅसेट लावली तर हे सोप्यात पुरुषांशी बोलतायत आणि आम्हा बायकांच्या वाट्याला नुसती यांच्या मित्रानं वाजवलेली पेटी.

सोप्यात पुरुषांसमोर बसायची रीत नव्हती, म्हणून बाळाला घेऊन मी मधल्या उंबऱ्यावर जाऊन बसले. चुकतंय, हे कळत होतंच.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "आगं, उंबऱ्यावर बसू न्हाई."

"आत्याबाई, इथंच त्यांचा आवाज येतोय."

त्या पदर खोचून खाली वाकल्या.

"सरक जरा. माझा बी ल्योक हाय त्यो."