अकराव्या पानावरचा गोल

ताई : छापायचीच, मी सांगते! दादाची पहिली कादंबरी आहे ती. चाळीस वर्षं माझ्या गाद्यांच्या पेटीत जिवापाड जपलीय मी.

वहिनी : वन्सं, तुम्ही जपली नाहीत. तुम्ही तिच्यावर गाद्या रचल्यात.

ताई : दादानंच बजावलं होतं, ‘तुझ्याकडे ठेव, हिच्या नजरेस पडू देऊ नकोस.’ आता का बजावलं असेल? सांगा प्रकाशक, तुम्हीच सांगा.

प्रकाशक : ताई, मला यात ओढू नका. मी एका सहीसाठी आलोय. वहिनींची सही झाली की बाकी सगळं तयार आहे. कव्हरसुद्धा.

वहिनी : मी हो म्हणायच्या आधीच कव्हर?

प्रकाशक : आशावादी माणूस आहे मी. आमच्या धंद्यात दुसरा टिकतच नाही.

वहिनी : हे बघा, यांना जाऊन अजून वर्षही झालं नाही. लोक यांना हसले तर मला सोसायचं नाही. म्हणून सरळ विचारते. तुम्ही वाचलीत?

प्रकाशक : वाचली. म्हणजे... वाचत आलोय.

वहिनी : कुठवर?

प्रकाशक : ड्रॅगनच्या अंड्यापर्यंत.

ताई : अहो, अंडं पहिल्याच पानावर आहे!

प्रकाशक : आहे ना. पण ते फुटतं चारशेव्या पानावर, असं मी चाळून पाहिलं. तोवर सगळे सरदार त्याच्याभोवती बसून बोलताहेत. राजाच्या मिशीवर तर अख्खं प्रकरण आहे.

ताई : त्या मिशीत शाप असतो!

वहिनी : झालं तर मग. नाही छापायची. पुढे कादंबरीचे बारा खंड लिहिले यांनी, त्यात मिशीला दोन ओळींच्या वर जागा दिली नाही कधी.

प्रकाशक : तेच तर नवल आहे, वहिनी. त्या बारा खंडांत शोधूनही फालतू ओळ मिळत नाही. आणि इथे शब्दांचा नुसता पूर. मधे असं काय झालं या माणसाला?

वहिनी : लग्न झालं.

ताई : ऐका! स्वतःच्या तोंडानं सांगतेय!

वहिनी : सांगते की. त्यात लपवायचं काय? संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की हे ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि दिवसभराचं लिहिलेलं वाचून दाखवायचे. मी तोंडानं काही म्हणायची नाही. मला साहित्यातलं काय कळतंय? पण जांभई आली की हे थांबायचे, समासात पेन्सिलीनं एक गोल काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या पानाला कात्री.

प्रकाशक : गोल काढायचे?

वहिनी : हा एवढा. उघड्या तोंडासारखा.

प्रकाशक : थांबा, थांबा. खंडांच्या हस्तलिखितांत जागोजागी जे गोल आहेत, ते... त्या तुमच्या जांभया आहेत?

वहिनी : मग तुम्हाला काय वाटलं होतं?

प्रकाशक : आम्ही त्यांच्यावर परिसंवाद घेतला, वहिनी! ‘पोकळीचं तत्त्वज्ञान’. प्राध्यापकांनी एकेका गोलाचा अर्थ लावून दाखवला. तुम्ही पहिल्या रांगेत होतात!

वहिनी : होते ना. तिथेही मला दोन-तीन गोल आलेच.

प्रकाशक : आणि बाराही खंडांच्या पाठीवर आम्ही तो गोल सोनेरी शाईत छापलाय!

ताई : अगंबाई! म्हणजे मी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात बारा सोनेरी जांभया मांडून बसलेय?

वहिनी : यांना म्हटलं होतं मी, सांगून टाका एकदा त्या लोकांना. तर म्हणाले, ‘राहू दे गं, शोभून दिसतंय.’

ताई : बरं, मग माझंच खरं ठरलं. ही कादंबरीसुद्धा तुझ्या जांभईनंच गाडली. म्हणून तर बिचाऱ्यानं माझ्याकडे लपवली.

वहिनी : ही आमच्या लग्नाआधीची आहे, वन्सं. मी हिचं पानही पाहिलेलं नाही. तुमची शपथ!

ताई : माझी कशाला? मला अजून जगायचंय.

प्रकाशक : आपण असं करू या का? त्यांच्याच पद्धतीनं जाऊ. मी वाचतो, वहिनी ऐकतील. जांभई आली तर मी मुकाट्यानं कागद उचलून घरी जाईन.

वहिनी : चालेल. थांबा, तेवढे मटार घेते सोलायला. हात रिकामे असले की माझं कशात लक्ष लागत नाही. हं, करा सुरू.

प्रकाशक : ‘त्या अतिप्राचीन, अतिगूढ आणि अतिशीतल पर्वताच्या पायथ्याशी एक अंडे होते. ते अंडे साधे नव्हते.’

वहिनी : थांबा. पुढे... पुढे ‘ते अंडे विचार करीत होते’ असं आहे का?

प्रकाशक : ‘ते अंडे विचार करीत होते.’ वहिनी!

ताई : पकडली! पान पाहिलं नाही म्हणे, आणि इथे पाठ आहे सगळं!

वहिनी : नाही हो वन्सं. हे यांचं नाहीच मुळी. हे त्या मित्राचं आहे!

प्रकाशक : कुठल्या मित्राचं?

वहिनी : यांचा एक मित्र होता, लिहायचा. तेव्हा आमची नुकतीच ओळख झाली होती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ना, तर समोरच्या बागेतल्या बाकावर हे कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेले. मला बघून उभे राहिले. म्हणाले, ‘माझ्या एका मित्रानं लिहिलंय, थोडं ऐकाल का?’ मी बसले. वाचता वाचता एकदम गठ्ठा मिटला आणि म्हणाले, ‘असू दे, चहा घेऊ या.’

ताई : मित्र कोण होता?

वहिनी : नाव कधी सांगितलंच नाही. मी किती विचारायची, तुमचा तो अंड्यावाला मित्र काय करतो हल्ली? म्हणायचे, ‘त्यानं लिहिणं सोडलं.’ मला वाईट वाटायचं हो. लग्नाला तरी त्याला बोलवा म्हणून मी हटून बसले होते. तर म्हणाले, ‘येणार तो. तो आल्याशिवाय लग्न लागायचंच नाही.’

ताई : हा दादाच! शंभर टक्के दादा! लहानपणी काच फोडली तरी ‘एका मित्रानं फोडली’ म्हणायचा!

प्रकाशक : वहिनी, या गठ्ठ्यातही एक गोल आहे. मला वाटलं, तत्त्वज्ञानाची पहिली चाहूल असेल. प्रस्तावनेत तसं लिहूनही टाकलंय.

वहिनी : कुठे आहे?

प्रकाशक : अकराव्या पानावर, समासात. हा पाहा. पुढे सातशे पानं आहेत, त्यांत एकही नाही.

ताई : म्हणजे अकराव्या पानावर हिनं जांभई दिली, आणि दादानं सातशे पानं माझ्या गाद्यांखाली... अगं वहिनी! सातशे पानं गं!

वहिनी : ती कंटाळ्याची नव्हती हो.

ताई : जांभई ती जांभई.

वहिनी : नाही! मी रात्रपाळी करून आले होते. रात्रभर कानाला हेडफोन आणि याची लाइन त्याला जोड, त्याची याला जोड. सकाळी बाहेर पडले तर हे बाकावर बसलेले. घरी जाऊन झोपायचं सोडून मी तिथे बसले, ते काय कंटाळायला? मला आवडत होतं. अंडं विचार करतं म्हणजे नक्की कसला करतं, ते मला विचारायचं होतं. तेवढ्यात यांनी गठ्ठाच मिटला.

प्रकाशक : आणि चाळीस वर्षांत यावर एकदाही बोलणं झालं नाही?

वहिनी : कसं होणार? मित्राची गोष्ट ना ती. दुसऱ्याच्या लिहिण्याची मी काय समजूत घालणार? एकदा तरी म्हणायचं होतं हो यांनी, माझंच आहे म्हणून. एकदा तरी!

(मटारांच्या शेंगा मोडल्याचे आवाज थांबतात.)

ताई : रडू नकोस गं. चूक एकट्या तुझी नाही. आणि आता तुला म्हणून सांगते, मीही तीनदा वाचायला घेतली होती. मिशीपाशी तिन्ही वेळा झोप लागली मला.

वहिनी : तरी मघापासून ‘छापायचीच’?

ताई : भाऊ आहे माझा! मला झोप लागली म्हणून काय झालं?

प्रकाशक : वहिनी, मग सहीचं काय करायचं? आधीच सांगतो, आता यातला शब्दही कमी करता येणार नाही. मिशी सगळीच्या सगळी राहणार.

वहिनी : सहीचं मागाहून बघू. तुम्ही वाचा पुढे.

प्रकाशक : पुन्हा पहिल्यापासून घेऊ?

वहिनी : नको. बाराव्या पानापासून घ्या. आज दुपारी चांगली झोप झालीय माझी.